कोरड्यास

"भाकरी, पोळी, भात निम्म्यावर आणा. पोट बाकीच्यानं भरा," डॉक्टरीणबाई अगदी सहज म्हणाल्या. बाकीच्यानं म्हणजे कशानं, हे विचारायचं दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर सुचलं.

आमच्या सांगलीकडं भाकरीबरोबर जे काही असेल त्याला कोरड्यास म्हणतात. मेथीची भाजी कोरड्यास, झुणका कोरड्यास आणि वाटी कलंडली तर ताटभर पसरेल अशी पातळ आमटीसुद्धा कोरड्यासच. ओल्या आमटीला 'कोरड्यास' का म्हणायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. शेजारीण सकाळी भिंतीवरून विचारते, "काय गं, आज कोरड्यास काय?" भाकरी केलीस का, असं कुणी विचारत नाही. ती असणारच. भाकरी हे जेवण आणि उरलेलं सगळं तिच्या तोंडी लावायला. आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर मला सांगितलं गेलं, की हे उलटं कर बाई. कोरड्यास हेच जेवण, भाकरी जमली तर तोंडी लावायला.

माझी पाळी जाऊन वर्ष झालं. सलग 12 महिने आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. म्हणजे शेवटची पाळी येते तेव्हा ती शेवटची आहे हे कळतच नाही, वर्ष उलटल्यावर कळतं. पहिल्यांदा आली तेव्हा वाळव्याकडच्या माझ्या माहेरी आजीनं मखरात बसवून ओटी भरली होती. गेली तेव्हा ते पोटाला कळलं. परकराची नाडी रोज बोटभर अलीकडं बांधायला लागली. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांवरचा मुक्काम हलवून पोटावर येते, स्नायू झिजायला लागतात आणि शरीर इन्सुलिनचं पूर्वीसारखं ऐकत नाही. चाळिशीत ज्या दोन भाकऱ्या कुठं गेल्या ते समजायचं नाही, त्या आता कुठं गेल्या ते नीट दिसतं. वाफांचं मात्र वेगळं आहे. रात्री दोन वाजता अंगातून जाळ निघतो तो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा कारभार आहे, भाकरी कमी केली म्हणून तो थांबेलच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. तेवढ्यासाठी मला त्या आवडल्या.

वजनकाटा आणला. माणसाचा नव्हे, पिठाचा. दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवायची, असं ठरलं होतं. पहिला धक्का ज्वारीनं दिला. माझी पक्की समजूत होती, की पोळी वाईट आणि भाकरी चांगली. तिच्यात तंतू भरपूर आहेत, हे खरंच. पण 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं ज्वारीतही असतात आणि गव्हातही. आमच्या घरची भाकरी थापली की ताटाच्या काठाला टेकते. तसल्या दोन म्हणजे दिवसाचा बहुतेक हिशेब दुपारीच मिटला. जतकडची शाळू ज्वारी, पांढरीशुभ्र, पापुद्रा टम्म फुगणारी. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरच्या माणसावरच घेतल्यासारखं.

दुसरा धक्का उपासाचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, 100 ग्रॅममध्ये 85 च्या वर. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस. जन्मभर एकादशीला मी देवासाठी म्हणून जे काही खात आले, ते आमच्या तक्त्यात सगळ्यात वरच्या रांगेत निघालं. खिचडीतला दाण्याचा कूट तेवढा सुटला. शेंगदाण्यात कर्बोदकं बेताची, प्रथिनं मात्र 100 ग्रॅमला 25 च्या आसपास. आता एकादशीला मी दाणे, ताक आणि काकडी खाते. पांडुरंगाची काही तक्रार आलेली नाही.

तक्रार आली ती माहेराहून. दादाचा ऊस आहे, आणि सभासदाच्या साखरेतला माझा वाटा दिवाळीच्या आधी न चुकता घरपोच येतो. यंदा मी म्हटलं, दादा, नको. फोनवर थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, "आता बहिणीनंच बहिष्कार घातल्यावर कारखान्याकडं दर तरी कुठल्या तोंडानं मागायचा?" तो हसला, पण थोडा दुखावलाही. खरं आहे त्याचं. माझं लग्न ऊसबिलावर झालं. गळिताच्या दिवसांत इथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून स्कूटर हळूहळू न्यावी लागते आणि वाऱ्याबरोबर मळीचा वास येतो. अशा मुलखात कुणाच्या घरी बसून "मला बिनसाखरेचा" म्हणायचं, म्हणजे त्यांच्या रानाला नाव ठेवायचं. मी आता "अर्धा कप" म्हणते. अर्ध्या कपात साखरही अर्धी, आणि अपमान कुणाचाच नाही.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, पाय गळाले. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर पाणी असतं, एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम. साठा उतरला की पाणी जातं, बरोबर मीठही. काट्यावर सव्वा किलो कमी दिसलं म्हणून मी नाचले, ते पाणी होतं. मीठ घातलेलं ताक प्यायले आणि उभी राहिले. (माझा रक्तदाब बरा आहे म्हणून मीठ चाललं. जाऊबाईंना रक्तदाबाची आणि साखरेची, दोन्ही गोळ्या आहेत. त्यांनीही माझ्याबरोबर सुरू करायचं म्हटलं तेव्हा मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. खाणं बदललं की गोळ्यांचा डोसही बदलावा लागू शकतो.)

संध्याकाळी भडंगाचा डबा उघडायचा मोह होतो, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

सासूबाईंना हे सगळं नाटक वाटायचं. "अगं, चार घास भाकरीचे नकोत का पोटात? नुसतं कोरड्यास खाऊन माणूस उठतंय होय पानावरनं?" मी म्हटलं, आई, भाकरी कमी केलीय, जेवण नाही. त्या गप्प बसल्या. मग भाजीच्या पातेल्याकडं बघून म्हणाल्या, "पर एवढी भाजी पुरंल का तुला?"

तिथं मी अडकले. कारण पुरत नव्हतीच. सत्तावीस वर्षं मी या घरात भाजी करतेय, आणि तिचं माप माझ्या हाताला पाठ आहे. ते माप मला धरून नव्हतंच कधी. आधी सासरे, मग हे, मुलं, आला-गेला. शेवटी मी बसायचे तेव्हा पातेल्याच्या कडेला चिकटलेली भाजी आणि तळाचं तेल. त्यात भाकरी फिरवून पुसून घ्यायची, वर लसणाची चटणी, कांदा. पातेलं घासायला सोपं जायचं. माझी आईही अशीच जेवली. सासूबाईसुद्धा. आम्हाला कुणी उपाशी ठेवलं नाही, भाकऱ्या हव्या तेवढ्या होत्या. डाळीतली डाळ, अंड्याच्या रश्श्यातलं अंडं आणि दह्याची साय तेवढी पुढच्या पंगतीला संपायची. म्हणजे बायका पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्याच आहारावर. आणि आता झिजलेल्या स्नायूंना प्रथिनं द्या, हाडांना कॅल्शियम द्या, तीळ खा, दूध प्या, असं डॉक्टर सांगतात तेव्हा ते कुठून काढायचं? पुढच्या पंगतीच्या ताटातून?

मी एवढंच केलं, की पातेलं मोठं घेतलं. दोन जुड्यांऐवजी चार जुड्या मेथी, मूठभर मूगडाळ घालून. मटकीची उसळ निम्मी माझी, असं मनाशी ठरवून भिजत घातली. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आधी वाढून घ्यायला लागले. पहिल्या दिवशी पळी हातात घेऊन मी चोरासारखी दाराकडं बघत होते.

परवा मेथी जरा जास्तच चांगली झाली. मी वाटीभर घेतली, मग आणखी अर्धी वाटी, शेजारी दही, चतकोर भाकरी. सासूबाईंनीही माझ्याकडं बघून, काही न बोलता, आपल्या ताटात दुसऱ्यांदा पळी रिकामी केली. आम्ही दोघी निवांत जेवलो. हे उशिरा आले, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि पातेलं तिरपं करून आत बघत राहिले.

"भाजी?"

"संपली."

थोडा वेळ काही सुचलं नाही त्यांना. मग भाकरी मोडून म्हणाले, "बरं, चटणी तरी आहे का?"

"आहे की, शेंगदाण्याची. पण दोनच चमचे घ्या," सासूबाई आतून म्हणाल्या, "उद्या एकादशी आहे तिची."