पंधरा की वीस

पोर्ट ब्लेअरचा एक जुना नियम डोक्यातून जात नाहीये. १९००च्या सुमाराचा. जन्मठेपेवर काळ्या पाण्याला पाठवलेल्या बाईने तिथे लग्न केलं, तर पंधरा वर्षांनी नवऱ्याबरोबर तिला बेट सोडता येई. नाही केलं, तर वीस.

म्हणजे गुन्ह्याची शिक्षा वेगळी आणि एकटं राहण्याची पाच वर्षं वेगळी.

एरवी वाचून पान उलटलं असतं. पण शनिवारी मावशीने विचारलं, "अजून किती वर्षं काढणार अशी?" प्रश्न जुनाच. या वेळी मात्र तिने आजाऱ्याला विचारावं तसा आवाज खाली केला, ते लागलं. आई शेंगा सोलत राहिली. सोललेल्या शेंगा पुन्हा टरफलांच्या ढिगात टाकत होती, तेही तिच्या लक्षात नव्हतं. असो.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेलची कोठडी दिसते, कोलू दिसतो. बायकांचा तुरुंग वेगळा, साउथ पॉइंटला. सूत कातायचं, कापड विणायचं. पहिली पाच वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. मग ज्याची दहाएक वर्षं भरलीत, ज्याला गावात राहून शेती करायची, गुरं ठेवायची मुभा मिळालीय, असा एखादा कैदी बायको बघायला यायचा. बायका ओळीने उभ्या. हा बघतोय.

आणि त्या बायका तरी कोण? नवऱ्याचा जीव घेतलेल्या, पोटचं मूल मारलेल्या, असल्या बऱ्याच. सुरतेच्या विजयालक्ष्मीला, तरुण ब्राह्मण विधवेला, १८८१ मध्ये पोटचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली. अपिलात तिचं काळं पाणी झालं, पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. त्या निमित्ताने बायकांच्या चालचलणुकीवर एवढं तोंडसुख घेतलं गेलं की बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे उखडल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापून मोकळ्या झाल्या. शनिवारी मला तसं उखडता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मी चहा टाकायला उठले.

ज्या संसारापायी कित्येकींवर ती वेळ आली, सुटायचं तर पुन्हा त्याच संसारातून. हे वाचून आधी त्यांची कीव आली, मग चांगला तासभर स्वतःची. रडले थोडी. 

मी उभी राहिले असते का त्या ओळीत? काल दुपारपर्यंत उत्तर ठाम होतं: मुळीच नाही. रात्री वाटलं, राहिले असते. पाच वर्षं तेच सूत, त्याच भिंती. समोर कुणीही येवो, दार तर उघडतंय. सकाळी पुन्हा नाही.

आणि उभी राहिलेच असते तर निदान चौकशी तरी नीट केली असती. जमीन किती, गुरं किती, आणि तुझी शिक्षा किती उरलीय? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण जायचं तर दोघांनी मिळून. एकाची मुदत भरली तरी दुसऱ्याची भरेपर्यंत थांबायचं. घाईत भलताच नवरा पत्करला तर ती पाच वर्षांची सूटही बोंबलली. हे गणित मांडता मांडता चक्क हसू आलं.

शिवाय एक तिसरी वाट होतीच. तुरुंगातच राहून बाई कैद्यांच्या वरच्या वर्गात चढू शकायची, पुढे मुकादमही होऊ शकायची. माझं तेच झालं असतं. पंधरा वर्षांत बाहेर पडायचं सोडून मी नव्याने आलेल्यांचं सूत तपासत बसले असते, गाठी काढायला लावल्या असत्या, संध्याकाळी हिशेब जुळला की खूशही झाले असते. ऑफिसात आत्ता दुसरं काय करते?

मावशीला हे सांगण्यात अर्थ नाही. ती विचारेल, त्याचा पगार किती.