लांबच्या विमानप्रवासातील आसननिवड

बारा-चौदा तासांच्या प्रवासाचे तिकीट काढताना मी आता भाड्याच्या आधी विमानाचा प्रकार पाहतो, कारण साध्या वर्गातील आसनाची रुंदी बरीचशी त्यावरच ठरते. बोईंग ७७७ मध्ये पूर्वी एका ओळीत सहसा नऊ आसने असत; आज अनेक कंपन्या तेवढ्याच जागेत ३-४-३ अशी दहा बसवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १७ इंच येतात. एअरबस ए३५० मध्ये नऊच्या रचनेत साधारण १८ इंच मिळतात. हा एक इंच कागदावर क्षुल्लक वाटतो, पण शेजाऱ्याचा खांदा रात्रभर आपल्या खांद्याला घासत राहिला, की त्याचे मोल कळते. दोघांनी प्रवास करायचा असेल तर २-४-२ रचनेचे ए३३० मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण खिडकीशी बसलेल्याला उठताना एकाच माणसाला, तेही आपल्याच, उठवावे लागते.

आपत्कालीन दरवाजाजवळच्या ओळीत पाय मोकळे पसरता येतात हे खरे. मात्र तिथे जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीत दुमडून ठेवलेला असल्याने ती दांडी जाड असते, वर उचलता येत नाही आणि बसायची जागा किंचित अरुंद होते. एकदा अशाच आसनावर मांडी तिरकी करून झोपण्याचा प्रयत्न करताना ती दांडी पहाटेपर्यंत बरगडीला टोचत राहिली होती. तेव्हापासून मी पंखाजवळची, स्वच्छतागृहापासून दूरची साधी ओळच निवडतो. तिथे हेलकावेही शेपटीच्या मानाने कमी जाणवतात.