एक गुण, दोन वेगळ्या चुका

मूल्यमापनासाठी मोबाइल आणि संगणक वापरण्याविषयी शिक्षकांमध्ये चर्चा निघाली की, ती बहुतेक वेळा तपासणीचा वेळ वाचतो या मुद्द्यापाशी येऊन थांबते. हा लाभ खरा आहे आणि पन्नास-साठ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. परंतु माझ्या मते या साधनांचे मोल गुण झटपट देण्यात नाही. कोणत्या मुलाने कोणते चुकीचे उत्तर निवडले, हे तास संपण्यापूर्वी शिक्षकासमोर येते, यात ते आहे.

गणितातील एक उदाहरण घेऊन हे स्पष्ट करतो. दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवून झाल्यावर मी मुलांना दोन प्रश्न देतो. पहिल्यात ३.५, ३.४५ आणि ३.१२५ यांतील सर्वांत मोठी संख्या निवडायची असते, दुसऱ्यात २.७, २.३६ आणि २.७५४ यांतील. काही मुले दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात, म्हणजे १२५ हे ४५ पेक्षा आणि ४५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून ३.१२५ सर्वांत मोठी. या मुलांचा पहिला प्रश्न चुकतो, पण दुसऱ्याचे उत्तर त्याच चुकीच्या तर्काने बरोबर येते. दुसऱ्या काही मुलांचा समज याच्या नेमका उलट असतो. शतांश दशांशापेक्षा लहान आणि सहस्रांश त्याहून लहान, हे त्यांनी मनावर घेतलेले असते, आणि म्हणून जितके अंक अधिक तितकी संख्या लहान, असा नियम त्यांनी स्वतःच तयार केलेला असतो. त्यांचा पहिला प्रश्न बरोबर येतो आणि दुसरा चुकतो. मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी या दोन्ही समजुतींचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

गुणपत्रकात या दोन्ही गटांपुढे दोनपैकी एक गुण दिसतो. वास्तविक त्यांना द्यावयाची मदत सर्वस्वी वेगळी आहे. पहिल्या गटाला ३.५ म्हणजे ३.५०० हे स्थानिक किमतीच्या तक्त्यावर दाखवावे लागते. दुसऱ्या गटाला संख्यारेषेवर २.७ आणि २.८ यांच्यामध्ये २.७५४ कोठे बसते, हे मीटरपट्टी हातात देऊन शोधायला लावावे लागते. (रुपये-पैशांची उदाहरणे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण पैसे नेहमी दोनच अंकांत लिहिले जातात आणि त्यामुळे दोन्ही गैरसमज झाकलेलेच राहतात.)

हे प्रश्न मी प्लिकर्स या ॲपची छापील कार्डे वापरून घेतो, कारण त्यासाठी मुलांकडे मोबाइल असावा लागत नाही. प्रत्येक मुलाच्या कार्डावरील आकृती वेगळी असते. निवडलेला पर्याय वरच्या बाजूला येईल असे कार्ड मूल उंच धरते आणि शिक्षकाच्या मोबाइलचा कॅमेरा संपूर्ण वर्गावरून फिरला की कोणी काय निवडले ते पडद्यावर दिसते. शेजाऱ्याचे कार्ड पाहून उत्तर उचलण्याची सोय राहत नाही. कार्डे टिकावीत म्हणून लॅमिनेशन करावे, पण ते चकचकीत नसावे. खिडकीचा उजेड त्यावर पडला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.

गूगल फॉर्म वापरणाऱ्यांना मराठीत एक निराळी अडचण येते. पर्यायी प्रश्नांची तपासणी बिनचूक होते, पण एका शब्दात उत्तर लिहायला सांगितले की उत्तरसूचीतील मजकुराशी अक्षरशः जुळणारे उत्तरच बरोबर धरले जाते. तीन चतुर्थांश दशांश रूपात लिहा, असे विचारल्यावर एक मूल ०.७५ लिहिते, दुसरे इंग्रजी अंकांत 0.75 लिहिते, तिसरे सुरुवातीचे शून्य वगळते आणि एखादे मूल सरळ 'पाऊण' असे लिहून मोकळे होते. चौथ्याने प्रश्नाचे रूप पाळले नाही हे खरे, पण त्याला संकल्पना कळलेली नाही असे कोणता शिक्षक म्हणेल? 'वाऱ्यामुळे' यासारख्या शब्दाची गंमत याहून पुढची आहे. त्यातील 'ऱ्या' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरे साठवण्यासाठी वापरतो त्या संकेतप्रणालीत, दोन प्रकारे टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, तरी संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असतात, आणि आपले बरोबर उत्तर चूक का ठरले हे मुलाला कधीच उमगत नाही. म्हणून लेखी उत्तराच्या प्रश्नाला सूचीत शक्य तितकी रूपे भरावीत, उरलेली उत्तरे आपोआप चूक ठरवण्याच्या पर्यायावर खूण करू नये आणि ती स्वतः वाचावीत.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या, मूल्यमापनाच्या तंत्रांत चाचणीबरोबरच दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय यांचाही समावेश आहे. डिजिटल साधनांचा ओढा मात्र स्वाभाविकपणे चाचणीकडेच असतो, कारण मोजायला तीच सर्वांत सोपी. अलीकडच्या वर्षांत राज्यभर झालेल्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण शिक्षकांनी विद्या समीक्षा केंद्र या शिक्षणविषयक माहिती एकत्र करणाऱ्या राज्यस्तरीय केंद्राच्या चॅटबॉटवर भरले. राज्याचे चित्र पाहण्यासाठी त्याचा उपयोग आहे, पण वर्गात उद्या काय शिकवायचे, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकाने स्वतःच्या नोंदींतूनच काढावे लागते.

तोंडी कामाच्या बाबतीत मात्र साधा ध्वनिमुद्रक फार मोठे काम करतो. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजपूर्वक वाचणे अपेक्षित आहे. जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर त्याच मुलाचे मिनिटभराचे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर वेगाबरोबरच ते कोठे अडखळते, विरामचिन्हाला थांबते का, चुकलेला शब्द स्वतःहून मागे येऊन दुरुस्त करते का, हे सारे ऐकता येते. पालकांनाही आकड्यापेक्षा हे लवकर पटते. वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲप आहेत, पण तेथे निवाडा शिक्षकानेच करावा. वऱ्हाडातील मुलाने 'डोळा' हा शब्द 'डोया' असा उच्चारला, तर त्याने शब्द ओळखला आहे, त्याचा अर्थही त्याला ठाऊक आहे आणि उच्चार त्याच्या घरच्या बोलीचा आहे. ती वाचनाची चूक म्हणून मोजली गेली, तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

ही ध्वनिमुद्रणे मी शाळेच्या समूहात टाकत नाही. ती करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घेतो, वर्षअखेरीस प्रत्येकाचे मुद्रण त्याच्या पालकांकडे देतो आणि माझ्याजवळची प्रत पुसून टाकतो.