सोलापूरच्या मास्तरांनी पारखलेला वेटसूट

यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापूरला गेलो. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे, सगळं डोळे भरून पाहिलं. गर्दीत जीवही मेटाकुटीला आला. पण घरी परतल्यापासून मी ज्याला त्याला सांगतोय ती मामाच्या युनिफॉर्मच्या कारखान्यातली एक दुपार.

मार्चमध्ये आयर्लंडला, स्लायगो परगण्यातल्या स्ट्रँडहिलला सर्फिंगसाठी जायचं ठरलं होतं. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिकडेच नोकरीला आहे. गड्ड्यासाठी येताना त्याने दोन वेटसूट आणले, म्हणजे थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचे अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख. एक मी ठेवायचा, दुसरा तो परत नेणार. मी सर्फिंग शिकलो मंगळूरजवळच्या मुल्कीला. तिथलं पाणी इतकं कोमट की नुसत्या टी-शर्टवर भागतं. स्ट्रँडहिलचा समुद्र मार्चमध्ये 9-10 अंशांवर असतो. पाणी अंगातली उष्णता हवेच्या 25 पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे तिथे सूट चुकला तर काही मिनिटांत बोटं वळेनाशी होतात.

पहिला सूट सगळीकडून 5 मिलिमीटर जाड, पाठीवर चेन. दुसरा 5/4, म्हणजे धड 5 आणि हात-पाय 4 मिलिमीटर, चेन छातीवर आडवी. दादाचा कल सरळ पहिल्याकडे. "अरे, सगळीकडे पाच आहे. थंडीला जाडच बरा." वेटसूट म्हटलं की जो तो मिलिमीटर विचारतो, त्यापुढे कोणी जातच नाही. मला याची मनापासून चीड आहे.

मामाचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. जूनच्या शाळांसाठी निळ्या पँटींचे गठ्ठे लागलेले होते. दादाने कौतुकाने दोन्ही सूट कटिंगच्या टेबलावर ठेवले. कटिंग मास्तर चष्मा सारखा करत आले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे दोन्ही सूट उलटे केले.

"हे कापड कसलं ओ?"

मी सांगितलं, निओप्रीन. रबराचा फेस, त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे, ते ऊब धरतात. 1952 च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने नौदलातल्या डायव्हरांसाठी याचा विचार केला. माणूस ओला झाला तरी चालेल, ऊब त्या बुडबुड्यांनी धरायची, हे त्याने ओळखलं होतं.

मास्तर क्षणभर थांबले. "म्हणजे ऊब कापडातच आहे. मग आत पाणी खेळायला नको, एवढंच बघायचं की."

इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी पहिल्या सूटची बाही दोन्ही हातांनी ताणून ट्यूबलाइटसमोर धरली. टाक्याटाक्यातून उजेडाचे ठिपके दिसले, अगदी ओळीने. "ही फ्लॅटलॉक शिवण. ट्रॅकपँटला आम्ही हीच घालतो. अंगाला टोचत नाही, पण सुई आरपार जाते." दुसऱ्या सूटची बाही तशीच ताणली, उजेड आला नाही. तिथे कडा आधी एकमेकींना चिकटवलेल्या, मग सुई अर्ध्या जाडीतूनच वळवून परत आणलेली, आणि वर आतून टेप. मास्तरांनी नखाने टेपची कड दोन-तीनदा चाचपली. "तुरपाईच आहे, पण काय हात बसलाय!" मग बाहीचं मनगट सुतळीने आवळून त्यांनी आत तांब्याभर पाणी ओतायला लावलं. 5/4 ची बाही कोरडी लोंबत राहिली. 5 मिलिमीटरवाल्या बाहीच्या शिवणीवर एकेक थेंब फुगला, ओघळला, लगेच त्या जागी दुसरा आला. दादा ते बघत गप्प उभा होता.

पुढची परीक्षा अंगावर. जानेवारी असला तरी सोलापूरची दुपार, पत्र्याखाली रबर चढवणं म्हणजे शिक्षाच. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवला तर सूट पटकन चढतो, तेही तेवढ्यात मामीला दाखवून झालं. पहिल्या सूटमध्ये मास्तरांनी माझ्या कंबरेमागे चिमूट धरली आणि ती भरपूर हातात आली. "इथं झोळ आहे. इथं पाणी साठणार, वाकलं की बाहेर, परत थंड आत." काखेतही तेच. दुसरा सगळीकडे चिकटून बसला, मानेशी थोडा आवळलासुद्धा. पण निओप्रीन ओलं झालं की जरा सैलावतं, तेव्हा कोरड्यात एवढा आवळ हवाच. हात वर करून वल्हवल्यासारखे फिरवले, तर 4 मिलिमीटरच्या बाह्या खांद्याला ओढत नव्हत्या. छातीला आतून अस्तर होतं, आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलसारखं फासेदार, पाणी लवकर निथळू देणारं.

5/4 ठेवला. मग मामीने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची वाटी पुढे केली. जेवल्याशिवाय कारखान्यातून कुणालाही न सोडणारी ही माणसं मला फार प्रिय आहेत.

स्ट्रँडहिलला नॉकनरे डोंगर ढगात, वारा बोचरा, कॉफी उत्तम. सोबत 5 मिलिमीटरचे बूट, 3 चे हातमोजे आणि डोक्याला हूड घेतलं होतं. ही तीन नसतील तर एवढ्या थंडीत कितीही चांगला सूट अपुरा. पहिल्या लाटेखाली डोकं गेलं तेव्हा कपाळ बधिर झालं, मानेतून एक गार रेघ आत उतरली आणि तिथेच थांबली. पाठीला पाणी लागलंच नाही. माझ्या शेजारी भाड्याच्या ढगळ सूटमधला एक मुलगा होता. प्रत्येक लाटेनंतर त्याच्या पाठीवर सूटचा फुगा व्हायचा. ओठ निळे पडल्यावर तो बाहेर गेला. त्या दुकानाने त्याला अंगावर घालून बघायलाही वेळ दिला नव्हता. मला त्या दुकानाचा संताप आला. थंड पाण्याच्या किनाऱ्यावर सूट भाड्याने देणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या कंबरेमागे एक चिमूट धरून बघायलाच हवी.

परत आल्यावर सूट गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवला. उन्हाने निओप्रीन कडक होऊन तडकतं, आणि आपल्याकडचं ऊन तर विचारू नका. डाव्या गुडघ्यामागे टेपची कड जरा सुटलीय. मास्तरांना फोनवर फोटो पाठवला, तर लगेच उत्तर आलं, "सुई लावू नका तिथं." निओप्रीनचं सोल्युशन दोन्ही कडांना दोनदा लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं, एवढंच. ट्यूब दादा पाठवतोय.