तुर्कस्तानाला कुठला रंग द्यायचा?

परवा शिकवणीत आठवीतल्या एका मुलाने जगाचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. युरोप हिरवा, आशिया पिवळा रंगवून झाला होता, तुर्कस्तान तेवढा कोरा. "ताई, याला कुठला रंग देऊ?"

मी कळव्यात राहते, शिकवण्याही घरीच घेते. त्याला विचारलं, कळव्याचा पूल ओलांडून ठाणे स्टेशनला जातोस, म्हणजे कुठे जातोस? त्याला सांगता आलं नाही. अरे, साष्टी बेटावर! आपलं कळवा-मुंब्रा मुख्य भूमीवर, स्टेशन आणि तलावपाळी बेटावर, मध्ये खाडी. महापालिका मात्र एकच. इस्तंबूलही तसंच. मधून बॉस्फरसची सामुद्रधुनी जाते, एक काठ युरोपात, दुसरा आशियात, आणि शहर एक.

देशाचा हिशेब जरा अवघड. तुर्कस्तानची जेमतेम ३ टक्के जमीन युरोपात, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तो पश्चिम आशियात. मग जमीन मोजली की झालं? नाही, रशिया आहे ना! त्याची तीन चतुर्थांश जमीन उरल पर्वतापलीकडे आशियात, पण मॉस्को आणि तीन चतुर्थांश माणसं अलीकडे. त्याची नोंद पूर्व युरोपात होते. ही विभागणी केवळ आकडेवारीच्या सोयीसाठी आहे, असं संयुक्त राष्ट्रं स्वतःच सांगतात. कझाकस्तान तिथे मध्य आशियात येतो, फुटबॉल मात्र २००२पासून युरोपच्या संघटनेत खेळतो.

आणि उरलची सीमा तरी कुठे जुनी आहे? प्राचीन ग्रीक डॉन नदीपाशी युरोप संपवायचे. सीमा उरलवर सरकली ती अठराव्या शतकात, स्वीडिश लष्करी अधिकारी स्ट्रालेनबर्ग आणि रशियन भूगोलतज्ज्ञ तातिश्चेव यांच्या मांडणीतून. डोंगराच्या दोन्ही बाजूंना जमीन सलगच आहे. मुलांना हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात, म्हणून मी इथे दहा मिनिटं जास्त घेतेच.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने तुर्कस्तानात दोन रंग भरले, म्हणून शाळेत तिचा एक गुण कापला. मला ते अजून सलतं. तिचं बरोबर होतं.

या मुलानेही दोनच रंग घेतले. बॉस्फरसची निळी रेघ इतकी जाड आली की अख्खं इस्तंबूल तिच्याखाली गेलं. त्याने खोडलं, पेन्सिलीला टोक काढलं, पुन्हा बारीक रेघ ओढली आणि वरच्या कोपऱ्यात तिळाएवढा हिरवा ठिपका भरला.

"ताई, आता रशिया. उरलवरून फाडू?"