रात्रीची नळी

मंगळवार, सकाळी ६:१०

जाग आली आणि हात उशाशी गेला. मोबाईलसाठी नाही, नळीसाठी. दात घासायचे नाहीत, चूळ भरायची नाही. कापसाची बोटभर वळी तोंडात धरायची, दोनेक मिनिटं चघळायची आणि हात न लावता तशीच नळीत सोडून झाकण लावायचं. चिठ्ठीवर वेळ लिहायची. अर्ध्या तासाने दुसरी, संध्याकाळी तिसरी, झोपताना चौथी. असे दोन दिवस. भरलेल्या नळ्या फ्रिजच्या दारात, औषधांच्या डब्याशेजारी उभ्या करायच्या.

लाळेतून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. कॅन्सरसाठीच्या रेडिएशनच्या पहिल्या आठवड्यात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आल्या आणि थकव्याच्या अभ्यासात भाग घ्याल का, असं विचारलं. म्हटलं, घेते की, सध्या माझ्याकडे तेवढंच आहे. शून्य ते दहामध्ये आजचा थकवा किती? सात. चार किंवा त्याच्या पुढे गेला तर नीट बघावं लागतं, म्हणाल्या, आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप, दुखणं, सगळं विचारून घेतलं. इतक्या महिन्यांत थकव्याबद्दल कुणी एवढं खोदून विचारलं नव्हतं. उलटीसाठी गोळी असते, तापासाठी फोन नंबर असतो. थकवा म्हटलं की ‘हो, तेवढं होणारच’.

तेच, दुपारी

टॉवेलच्या घड्या घालत होते. पहिली झाली. दुसऱ्या टॉवेलची टोकं जुळवली आणि तिथेच संपले. हात जड झाले असंही नाही, हात आपले राहिलेच नाहीत जणू. मांडीवर टॉवेल, मी पलंगाच्या कडेला, समोर घड्याळ. वीस मिनिटं गेली. रडू आलं नाही, रडायलाही काहीतरी लागतं.

पूर्वी दमायचे तेव्हा काहीतरी केलेलं असायचं, आणि झोप काढली की ते फिटायचं. हे फिटत नाही. दहा तास झोपून उठावं तर देणं जसंच्या तसं. या थकव्याची ओळखच ही आहे म्हणे: केलेल्या कामाच्या मानाने तो फार जास्त असतो आणि विश्रांतीने जात नाही. कागदावर छापलेलं वाचलं तेव्हा बरं वाटलं. म्हणजे आळस नव्हे हा.

तेच, संध्याकाळी ५:४०

तिसरी नळी झाली. वहिनींचा फोन येऊन गेला. “अगं, तू टेन्शन फार घेतेस, म्हणून एवढी थकतेस. मन प्रसन्न ठेव.” जीव लावतात, म्हणून बोलतात. मी “हो वहिनी” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उशी आपटली. गाठ माझी, केमो माझी, आता थकवाही मीच करून घेतलेला!

मग डॉक्टरांनी सांगितलेलं आठवून काढलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अधिवृक्क. मेंदूतून निरोप निघतो, पीयूषिका ग्रंथीकडून पुढे जातो आणि या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते नुसतं संकटातलं रसायन नाही, ते दिवसाचं घड्याळ आहे. पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिगेला पोचतं (म्हणून ती दुसरी नळी), मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. सकाळी उठवणारा तो चढ आणि रात्री निजवणारा तो उतार. उपचारानंतरही थकवा न सुटलेल्या काही बायकांमध्ये हा उतार सपाट झालेला दिसला आहे. संध्याकाळी खाली यायला हवं ते पुरतं येत नाही. सगळ्यांत नाही, आणि त्यानेच थकवा येतो असं ठामपणे म्हणता येत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. कॉर्टिसॉल दाहाला, म्हणजे शरीरातल्या आतल्या सुजेला, लगाम घालतं. लगाम ढिला झाला की दाहाची रसायनं मेंदूपर्यंत पोचतात, आणि तापात येते तशी ग्लानी येते. ताप नसताना तापाची मरगळ! माझ्या टॉवेलचं याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं.

‘ताण’ हा शब्द वैद्यकात आणणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवर प्रयोग केले होते. थंडी असो, इजा असो की विषारी द्रव्य, उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजायच्या. त्या उंदरांना मन प्रसन्न ठेवा असं कुणी सांगितलं नसावं.

तेच, रात्री

केमोच्या वेळी याच्या उलट होतं. सलाईनच्या आधी डेक्सामेथासोन द्यायचे, उलटी आणि ॲलर्जीसाठी. ते कॉर्टिसॉलचंच प्रयोगशाळेतलं भावंड, फार ताकदीचं. पहिल्या दोन रात्री डोळे टक्क उघडे. एकदा रात्री दोन वाजता मी कपाट लावत बसले होते आणि हे दारात उभे राहून बघत होते. मग ते औषध उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाडकन खाली. बाहेरून एवढं मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं आवरतं घेतं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या दिवसांत निदान स्वतःला शिव्या घातल्या नसत्या.

बुधवार, पहाटे ३:००

जाग आहे. नको ते वाचून झालं. सन २००० मधला एक अभ्यास: आजार शरीरात पसरलेल्या १०४ स्त्रिया, आणि ज्यांचा उतार सपाट त्यांचं आयुष्य कमी. फोन पालथा ठेवला. माझा आजार पसरलेला नाही, संबंध दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे, सगळं कळतं. पण पहाटे तीनला कळण्याचा काय उपयोग. आणि आता या क्षणी माझं कॉर्टिसॉल किती असेल, हाही विचार आलाच.

बुधवार, दुपारी

रेडिएशनचा अकरावा दिवस. टेबलावर मोजकी मिनिटं, तरी थकवा दिवसागणिक साठत चाललाय. डॉक्टर म्हणाल्या चाला, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, घाम येईल न येईल इतपत. पुरावा आहे म्हणे, थकव्यावर व्यायाम. ऐकून चीड आली. तरी घरात भिंतीला धरून सहा मिनिटं चालले. आज टॉवेल चार झाले. चालण्यामुळे की कसं, देव जाणे.

गुरुवार, सकाळी

काल चौथी नळी राहिली. साडेआठला जरा टेकते म्हणून आडवी झाले, ती थेट ११:४० ला उठले. अंधारात चाचपडत वळी तोंडात धरली. चिठ्ठीवर १०:०० लिहायचा मोह झाला. तीच वेळ ठरली होती. पण त्यांनी बजावलं होतं, चुकली तर चुकलेलीच वेळ लिहा. ११:४० लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात: झोप लागली होती.