लाँग एक्स्पोजर आणि नागपूरची गरमी

लाँग एक्स्पोजर म्हणजे शटर कित्येक सेकंद किंवा मिनिटं उघडं ठेवून काढलेला फोटो. त्याबद्दल वाचायला गेलं की ट्रायपॉड, रिमोट, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) हे सगळं सापडतं पण आपल्याकडची खरी भानगड फार कोणी सांगत नाही, ती म्हणजे गरमी. शटर चार मिनिटं उघडं राहिलं की सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) फक्त बाहेरचा प्रकाश मोजत नाही, स्वतःच्या उष्णतेनं सुटलेले इलेक्ट्रॉनसुद्धा त्याच हिशोबात धरतो, त्याला त्यातला फरक कळतच नाही. मग काळ्या आकाशात लाल-निळे-हिरवे ठिपके दिसतात ना, ते तारे नाहीत, हॉट पिक्सेल आहेत.

ढोबळ हिशोब असा की सेन्सरचं तापमान 6-7 अंश वाढलं की ही आतली गळती दुप्पट होते. आता जानेवारीत आपल्याकडे रात्री 12-13 अंश असतं आणि मे महिन्यात रात्री दहालासुद्धा 33-34 असू शकतं, म्हणजे 20 अंशांचा फरक, म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट! तोच कॅमेरा, तीच लेन्स, तीच सेटिंग. त्यामुळे उन्हाळ्यात स्टार ट्रेल (पृथ्वी फिरते म्हणून फोटोत ताऱ्यांच्या गोल रेषा उमटतात त्या) काढणारं कोणी म्हणालं की "स्टार ट्रेल एकदम बेकार येऊन राहिले भाऊ, नवी कॅमेरा बॉडी घेऊ का?" तर मी सांगतो पैसे ठेव, डिसेंबरपर्यंत थांब.

मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन असतं. ते ऑन असलं की 4 मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून अजून 4 मिनिटांचा नुसता काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. अंबाझरी तलावावर संध्याकाळी पाण्याचा एकच फोटो काढायचा असेल तर ऑन ठेवाच. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे तिथे 10 स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की प्रकाश हजारपट कमी होतो, 1/15 सेकंदाचा एक्स्पोजर मिनिटाच्या वर जातो, म्हणून बल्ब मोड, म्हणजे आपण ठेवू तितका वेळ शटर उघडं, आणि फोकस फिल्टर लावायच्या आधी करून घ्या, नंतर काही दिसत नाही.) पण स्टार ट्रेलला ते बंदच पाहिजे. 4 मिनिटांत पृथ्वी बरोबर 1 अंश फिरते आणि कॅमेरा तेवढा वेळ काळा फोटो घेत बसला की ताऱ्यांच्या रेषा तुटक येतात.

म्हणून मी 30-30 सेकंदांचे फोटो सलग घेतो आणि घरी स्टॅक करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर एकावर एक रचून एकच फोटो करतो. शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, त्याच आयएसओचे (सेन्सरच्या संवेदनशीलतेची सेटिंग) काही काळे फोटो नंतर वजा करायला तिथेच उभं राहून घ्यायचे. तिथेच म्हणजे तिथेच, घरी पंख्याखाली घेतले तर तापमान वेगळं असतं आणि वजाबाकी नीट जुळत नाही. ही वजाबाकी स्टॅक करायच्या आधी करा, नाहीतर प्रत्येक हॉट पिक्सेल ताऱ्यांच्या रेषांमध्ये ठिपका होऊन बसतो. यानं ठरलेल्या जागचे ठिपके जातात, दाणेदार नॉइज मात्र राहतोच, त्याला थंडीच लागते.

जागा म्हणाल तर माझी आवडती रामटेक. नागपूर तिथून नैर्ऋत्येला राहतं, त्यामुळे उत्तरेला ध्रुव ताऱ्याकडे कॅमेरा वळवला की शहराचा उजेड पाठीशी जातो. ध्रुव तारा आपल्याकडे क्षितिजापासून फक्त 21 अंशांवर असतो, हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या की झालं. काश्मीरमध्ये तोच 34 अंशांवर दिसतो. म्हणजे ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या रेषांचे जे गोल उमटतात त्यांचं केंद्र फोटोत किती उंचावर आहे यावरून आपण किती अक्षांशावर उभे आहोत ते मोजता येतं, आणि मला ही गोष्ट अजूनही भारी वाटते, साध्या कॅमेऱ्यात आपल्या भागाचा अक्षांश उतरतो म्हणजे काय! पूर्ण अंधार पाहिजे असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्प, 2024 मध्ये त्याला भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय.

थंडीत पाण्याजवळ दव पडतं तेवढं सांभाळा, अधूनमधून लेन्सवर टॉर्च मारून बघत जा. आणि अमावस्येच्या आसपासचा शनिवार आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.